बलिराम चाचाच्या बाजूनं

पहिलं बीपी बाई कधीच केसपेपरवर लिहीत नसत. दंडाचा पट्टा फर्रकन सोडायच्या, माशी हाकलावी तसा हात हवेत उडवायच्या आणि म्हणायच्या, "हे धराचं नाई. तुमी घाबरून आलात. बसा थोडं, पाणी प्या, घरचं सांगा काही. मंग पाहू."

पेशंट बसायचा आणि घरचं सांगायचा. भाताची रोवणी कुठवर आली, जावई नीट वागतो का, म्हैस कधी व्याली. बाई ऐकता ऐकता दुसऱ्या कोणाची सुई भरून घ्यायच्या. मग पुन्हा पट्टा गुंडाळला की बहुतेक वेळा आकडा खरोखरच खाली आलेला असायचा. पेशंटला वाटायचं, बाईंच्या हातातच काही आहे. तुम्हीही अशी एखादी नर्स पाहिली असेल, जिच्या नुसत्या आवाजानं अर्धा ताप उतरतो.

आमचं आरोग्य केंद्र आरमोरीच्या रस्त्यावरून आत वळून गेलं की भाताच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, मधोमध लागायचं. मी तिथं औषधांच्या खिडकीत बसायचो आणि त्या इन्चार्ज सिस्टर होत्या. डॉक्टर बदलत राहायचे, बाई कायम. उंच, हाडापेरानं भक्कम, पांढऱ्या कोटाच्या एका खिशात कात्री आणि चिकटपट्टी, दुसऱ्या खिशात बडीशेपेची डबी. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. मीही तेच म्हणायचो.

'धराचं नाई' हा त्यांचा निवाडा फक्त बीपीपुरता नव्हता. नवे डॉक्टर पहिल्याच बाळंतपणाला घामाघूम होऊन बाहेर आले, तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, पहिला दिवस धराचा नाई." रुग्णवाहिका चालवणाऱ्या युसुफभाऊंची मुलगी बारावीत नापास झाली, तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं, बडीशेप दिली आणि म्हणाल्या, "हे धराचं नाई बेटा. ऑक्टोबरात पाहू." ती मुलगी पुढे पास झाली. न होती तरी बाईंनी ते धरलं नसतं.

त्यांचं दुसरं वेड मला कळलं ते एका दुपारी लाईट गेल्यामुळे. ओपीडी आटोपली होती. पंखा थांबला, अंधारलं, आणि मागच्या खोलीतून बाईंचा खणखणीत आवाज आला, "बलिराम चाचा, रोशनी!"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दो मिनट बेटा, दो मिनट."

मग बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात अर्धवट घडी घातलेली चादर. पोरीसारखा चेहरा. "भाऊ! तुमी 'आकाशतळ' पाह्यलं हाये?"

पाहिलं होतं. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. रविवारी सकाळी टीव्हीवर लागणारी हिंदी मालिका. पृथ्वीपासून लांब, कुठल्या तरी ताऱ्याजवळ माणसांनी बांधलेला एक तळ, आणि घरी परतायची वाट बंद झाल्यामुळे तिथंच अडकलेली मूठभर माणसं. भिंती पुठ्ठ्याच्या आहेत हे आम्हाला तेव्हाही कळायचं, आणि तरी श्वास रोखून आम्ही बघायचो. तळाची प्रमुख एक कॅप्टनबाई. आणि सर्वांत खाली, यंत्रांच्या खोलीत, डोक्याला दिवा लावून राबणारा म्हातारा बलिराम चाचा. वरच्यांना खिडकीतून तारे दिसायचे. चाचाच्या खोलीला खिडकीच नव्हती. मालिकेच्या शेवटच्या भागात तळ एका काळ्या ग्रहाच्या मागे गेला आणि ती तिथंच बंद पडली. ती माणसं परतली की मेली, कोणालाच कळलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या दवाखान्याचा आकाशतळ झाला. डॉक्टरसाहेब कॅप्टन झाले, आणि मालिकेतली कॅप्टन ही एक बाई होती हे त्यांना कोणी सांगितलं नाही. युसुफभाऊ वैमानिक. मला त्यांनी भांडारप्रमुख केलं. मी खूश झालो, तर म्हणाल्या, "त्याले एकच वाक्य होतं, भाऊ. 'स्टॉक खतम है.' अन् तो लवकरच मरते."

बाई मूळच्या माजरीच्या. वडील कोळशाच्या खाणीत खाली उतरणारे. कॉलनीत शेजाऱ्यांकडे टीव्ही होता. त्यांच्या ओसरीत बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ मांडीला मांडी लावून बसायचे. एका रविवारी वडील पाळीवरून आले आणि दारातच उभे राहून बघू लागले. पडद्यावर बलिराम चाचा डोक्याचा दिवा सारखा करत एका नळाशी झटत होता. वडील म्हणाले, "हा आपला माणूस हाये."

"बस," बाई सांगायच्या, "त्या दिवसापासून बाबाबी बसाले लागले. हातपाय न धुता. माय वरडे. पण चाचाचं काम संपल्याशिवाय बाबा उठत नव्हते. माहा भाऊ तं तोंडपाठ करे सारं. आमी दोघं खाटेखाली जाऊन चाचाची खोली खेळाचो."

या गोष्टी मी पुष्कळदा ऐकल्या. एक मात्र माझ्या लक्षात आलं होतं. त्यांच्या बोलण्यातला भाऊ कधी शाळेच्या पुढे वाढलाच नाही. तो चड्डीतच राहिला. मोठा होऊन तो काय करतो, कुठं असतो, विचारलं की बाई उठून स्टरलायझर बघायला जायच्या. मीही मग विचारणं सोडून दिलं.

एकदा मी लग्नाला चंद्रपूरला गेलो होतो. पुस्तकांच्या दुकानात वेळ काढत असताना टेबलावर एक जाड मराठी कादंबरी दिसली. 'आकाशतळ : परतीची वाट'. मुखपृष्ठावर काळा ग्रह, आणि खाली बारीक अक्षरात, मालिकेच्या निर्मात्यांच्या परवानगीनं लिहिलेली पुढची कहाणी, असं काहीतरी. मी अहेराचं पाकीट घ्यायला आलो होतो हे विसरलो आणि पुस्तक घेऊन निघालो.

सोमवारी ते मी बाईंपुढे ठेवलं. त्यांनी हात लावला नाही. आधी आत गेल्या, साबणानं हात धुतले, स्पिरिट लावलं, वाळू दिले आणि मग पुस्तक उचललं. नाकाशी नेलं. "परतले का हो ते?" त्यांनी विचारलं.

"मी वाचलं नाही बाई. पहिला मान तुमचा."

त्यांनी त्याला शाळेच्या पुस्तकासारखं कव्हर घातलं आणि पुरवून पुरवून वाचायला सुरुवात केली. डबा खाताना वाचायच्या, लसीकरणाच्या दिवशी दोन पोरांच्या रडण्याच्या मधल्या शांततेत वाचायच्या. आणि रोज खिडकीशी येऊन मला अहवाल द्यायच्या.

"भाऊ, लेखक हुशार हाये. कॅप्टनबाईचा राग बरोबर पकडला. ती वरडत नाई, खुर्ची सरळ करते. ते त्यानं लिहिलं."

दुसऱ्या दिवशी, "सैपाकखोली झकास लिहिली हाये. टीव्हीवर वास येत नव्हता, इथी येऊन राह्यला." तिसऱ्या दिवशी जरा नाराजी, "डॉक्टरचं अन् वैमानिकाचं लफडं दाखवलं. काही गरज नव्हती. पण चालते, लांब असले घरापासून."

पंधरवडाभर दवाखान्यात सण होता. कोणावर ओरडणं नाही, चादरींवरून बोलणं नाही. डॉक्टरसाहेब मला हळूच म्हणाले, "हे पुस्तक किती पानांचं आहे? अजून एखादं मिळेल का?"

मग एका दुपारी बाई खिडकीशी आल्या त्या चेहरा लाल करून. काही न बोलता आत आल्या, स्टुलावर बसल्या, बाही वर केली. "माहं बीपी घ्या."

मी घेतलं. चांगलंच वर होतं. मी घाबरून आकडा सांगितला.

"हे धराचं नाई. परत घ्या."

"बाई, तुम्हीच सांगता ना, बसा थोडं, पाणी प्या. काय झालं ते सांगा."

त्या पाणी प्यायल्या. त्यांनी ओठ पुसले. आणि आवाज खाली आणून, घरातल्या माणसाबद्दल वाईट बातमी सांगावी तसं म्हणाल्या, "त्यानं बलिराम चाचाले गद्दार केलं."

कादंबरीत असं होतं की तळावर टपलेल्या शत्रूच्या यानाला आकाशतळाच्या बातम्या पोचवणारा माणूस दुसरा कोणी नसून बलिराम चाचाच होता. आणि तोही आजकालचा नव्हे, अगदी पहिल्या दिवसापासूनचा. सगळ्यांना सुखरूप घरी सोडू, असं शत्रूनं त्याला सांगितलं होतं. त्यांनी सोडलं नाही. तळाच्या स्वयंपाकघरात राबणारी पोरगी त्यात मेली.

मी पुन्हा बीपी घेतलं. आकडा जागचा हलला नव्हता.

"हेबी धराचं नाई," बाई म्हणाल्या आणि बाही खाली करून निघून गेल्या.

पुढचे काही दिवस आमच्याकडे खटला चालला. आरोपी बलिराम चाचा, वकील बाई, आणि समोर जो सापडेल तो न्यायाधीश. युसुफभाऊ गाडी पुसत असताना बाई त्यांच्यापुढे उभ्या राहायच्या.

"तो ऑक्सिजनचा भाग आठवते तुमाले, युसुफभाऊ? सैपाकखोलीतली पोरगी थंड खोलीत अडकली होती. चाचानं आपलं सिलिंडर काढून तिले लावलं. स्वतः नाक दाबून बसला. आठवते?"

"बाई, मी ते पाह्यलंच नाई जी. आमच्याकडं टीव्ही कुठी होता."

"मंग ऐका. असा माणूस त्याच पोरीले मारन का?"

युसुफभाऊ शांत माणूस. फडका पिळत म्हणाले, "माणूस बदलते ना बाई."

"बदलते! मान्य हाये मले!" बाईंनी कात्री बाहेर काढली होती, बोलताना ती हवेत चालत होती. "पुढं बिघडला म्हणा, म्हातारपणी डोकं फिरलं म्हणा, मी वाचून घेईन. पण पहिल्यापासूनच तसा होता, असं मागून काऊन सांगाचं? मंग आमी जे पाह्यलं ते काय होतं? तो नाक दाबून बसला ते नाटक होतं का? मागं जाऊन एखाद्याची सारी जिंदगी खोटी कराची, हे लेखकाच्या बापाले तरी जमते का?"

"काहानी तं हाय, बाई."

"काहानीतच तं खरं बोला लागते. बाहेर कोण बोलते?"

मला आजही वाटतं, पुस्तकांची परीक्षणं लिहिणाऱ्या पुष्कळांना एवढं नेमकं सांगता आलं नसतं. पण तेव्हा मी नुसता हसलो होतो.

पुस्तक युसुफभाऊंना वाचायला हवं होतं. बाईंनी दिलं, पण देण्याआधी ते संपूर्ण प्रकरण पांढऱ्या चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद करून टाकलं. जखम बांधावी तसं. "एवढं सोडून वाचा," असं बजावलं. युसुफभाऊंनी घरी नेऊन पट्टी वाफेवर धरली, अलगद सोडवली, प्रकरण वाचलं आणि पुन्हा जशीच्या तशी लावून पुस्तक परत केलं. मला म्हणाले, "भाऊ, बाईले सांगू नका. पण मले तं त्या म्हाताऱ्याची दया आली."

अशातच डॉक्टरसाहेबांनी पेपरातली बातमी दाखवली. चंद्रपूरच्या एका वाचनालयात त्या कादंबरीच्या लेखकाशी गप्पांचा कार्यक्रम होता. मी म्हणालो, "चला बाई. समोरासमोर विचारा."

वाटलं, त्या उडी मारतील. त्या म्हणाल्या, "नको." दोन दिवस हा विषयच काढू दिला नाही. तिसऱ्या दिवशी आपण होऊन आल्या. "किती वाजताची गाडी हाये?"

एसटीत त्या खिडकीशी बसल्या. मांडीवर पुस्तक. मूल गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं, तेव्हा बाहेर बघतच म्हणाल्या, "तिथी माहा भाऊ येईन."

मी त्यांच्याकडे वळलो.

"चंद्रपूरलेच राहते तो. हे पुस्तक निघालं अन् लेखक गावात आला, तं तो घरी बसन का? येईनच." त्यांनी खिडकीची काच अर्धी ओढून घेतली. "बाबाचं हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येते, पण वय लय हाये. मी म्हटलं, नको, आहे तेवढे दिवस घरी राहू द्या. बापू, माहा भाऊ, म्हणाला, करू. नागपूरले नेलं त्यानं. पैसा, धावपळ, सारं त्यानंच केलं. बाबा परत नाई आले." त्यांनी पुस्तकाचं कव्हर सारखं केलं. "तिथीच दवाखान्यात, साऱ्या लोकाईसमोर मी त्याले म्हटलं, तूच मारलं बाबाले. तवापासून तो बोलत नाई. मीबी नाई बोलत."

औषधांच्या खिडकीत याच्यावर काही ठेवलेलं नसतं.

वाचनालयाचं सभागृह लहान होतं, पण भरलं होतं. बहुतेक आमच्याच वयाची माणसं, केस पिकलेली, आणि डोळ्यांत रविवार सकाळ. लेखक तरुण निघाला. तिशीचा असेल, हसरा, जरा लाजरा. बाईंनी त्याला पाहिलं आणि निराश झाल्या. "हे तं लेकरू हाये," त्या कुजबुजल्या. एवढा राग कोणावर काढायचा, असा त्यांना प्रश्न पडलेला दिसला.

त्यांची नजर मात्र सारखी खुर्च्यांवरून फिरत होती. मग ती थांबली. पुढच्या रांगेत कडेला एक टक्कल पडलेले, चष्मा लावलेले गृहस्थ बसले होते. हाडापेरानं बाईंसारखेच. हातात तेच पुस्तक, पार हाताळून फुगलेलं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि ते गृहस्थच आधी उठले. माईक घेतला.

"मले प्रश्न नाई विचाराचा. धन्यवाद द्याचे हायेत," ते म्हणाले. "बलिराम चाचाचं तुमी जे लिहिलं, त्याच्यासाठी. लोक नाराज हायेत, मले माहीत हाये. पण त्यानं जे केलं ते साऱ्याईले वाचवाले केलं होतं. ते उलटं झालं. ज्या पोरीले वाचवाचं होतं तीच गेली. मंग सारे त्याले गद्दार म्हणाले लागले. तोबी स्वतःले तेच म्हणे. अन् शेवटी कॅप्टन खाली त्याच्या खोलीत जाते, अन् काही न बोलता त्याच्या बाजूले बसते. ते पान..." त्यांनी चष्मा काढला. "ते पान मी लय खेपा वाचलं. एवढंच."

टाळ्या वाजल्या. मी बाईंकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. त्यांनी प्रकरण पट्टीनं बंद केलं ते तिथवर पोचायच्या आधीच. कॅप्टन खाली जाते हे त्यांनी वाचलंच नव्हतं.

त्या उठून उभ्या राहिल्या. कोणीतरी माईक आणून दिला. समोरच्या रांगेतले गृहस्थ आवाजाच्या दिशेनं वळले आणि वळलेलेच राहिले.

"माहा प्रश्न हाये," बाई म्हणाल्या. घसा साफ केला. "चाचा पहिल्यापासूनच तिकडचा होता, असं तुमी लिहिलं. मंग ऑक्सिजनच्या भागाचं काय?"

लेखकानं वही चाळल्यासारखं डोक्यातल्या डोक्यात काहीतरी चाळलं. "कुठला भाग म्हणालात?"

"ऑक्सिजनचा."

तो प्रामाणिक होता. लाल झाला आणि म्हणाला, "खरं सांगू का? मला मालिकेचे सगळे भाग मिळाले नव्हते. काही मिळाले, बाकीचं त्यांनी दिलेल्या आराखड्यावरून लिहिलं. हा भाग बहुधा मी..."

"ऑक्सिजनचा भाग नाई पाह्यला?"

हे वाक्य सभागृहाच्या दोन टोकांहून एकदम आलं. एक बाईंच्या तोंडून, एक त्या गृहस्थांच्या. अक्षरन् अक्षर सारखं. सूरही तोच. सगळे हसले, लेखकही हसला. ती दोघं मात्र हसली नाहीत. गृहस्थ उठून उभे राहिले होते.

"अहो, तो भाग नाई पाह्यला तं चाचा तुमाले कळलाच कसा?" ते लेखकाला म्हणाले.

"पोरगी थंड खोलीत अडकते..." बाईंनी सुरुवात केली.

"दाराचा दांडा तुटते..."

"अन् चाचा सिलिंडर काढते. आधी तिले लावते..."

"आधी नाई, ताई. आधी दिवा देते तिले. अंधाराले घाबरते म्हणून."

बाई थांबल्या. "हो," त्या म्हणाल्या. "आधी दिवा देते."

मग तो अख्खा भाग त्या दोघांनी मिळून, एकाच्या तोंडातलं वाक्य दुसऱ्यानं पुरं करत, भरसभेत सांगितला. लेखक टेबलावर कोपर ठेवून शाळकरी पोरासारखा ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "हे मला माहीत असतं, तर मी तसं लिहिलं नसतं."

"मंग आता पाहा," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

कार्यक्रमानंतर बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही तिघे उभे होतो. मी कपातच बघत होतो. दोघंही बराच वेळ लेखकावर बोलली, म्हणजे आळीपाळीनं त्याला धुतलं. ते संपलं.

मग बाई म्हणाल्या, "बापू, मी तुले दवाखान्यात जे बोलली ते चुकीचं बोलली बे. तू बाबाले वाचवालेच नेलं होतं. मले तेव्हाबी माहीत होतं."

ते गृहस्थ, म्हणजे बापूभाऊ, कपाकडे बघत राहिले. "तू नर्स हायेस ताई," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तं मी सोडून देलं असतं. तू म्हटलं, म्हणून मले वाटलं खरंच असन."

बाईंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि टपरीच्या फळीवर ठेवला. मग त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, मनगटाशी, नाडी बघावी तसा. त्या नाडीच बघत होत्या का, मला माहीत नाही. बराच वेळ सोडला नाही.

"चहा थंडा होऊन राह्यला, ताई."

"होऊ दे."

परतीच्या गाडीत त्यांनी पुस्तक उघडलं, खिशातली कात्री काढली आणि पट्टी कापली. पट्टी आधी कोणीतरी काढून लावली होती हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. "युसुफभाऊ," एवढंच म्हणाल्या. गडचिरोली येईपर्यंत वाचत होत्या. मग पुस्तक मिटून डोळे पुसले आणि आपलं मत सांगितलं.

"पुस्तक चूकच हाये, भाऊ. चाचा असा नव्हताच, मी मेली तरी मानणार नाई. पण हे कॅप्टन खाली जाऊन बसते ना, हे त्यानं लय चांगलं लिहिलं. चुकीच्या पुस्तकात एक खरं पान हाये."

त्यानंतर दवाखान्यातला फोन रोज दुपारी वाजायला लागला. बापूभाऊ. त्यांना चाचा दोषी आणि माफ केलेला हवा होता, बाईंना तो निर्दोषच हवा होता. दोघांनी ही लढाई मनापासून लढली. पेशंट ताटकळले तर बाई फोनवर हात ठेवून सांगायच्या, "दोन मिनिटं हो, घरचं भांडण हाये." हे शब्द इतक्या आनंदानं उच्चारलेले मी दुसरीकडे ऐकले नाहीत.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला डॉक्टरसाहेबांनी भाषण केलं आणि बाईंनी त्यातला एक तपशील जागच्या जागी दुरुस्त केला. बापूभाऊ गाडी घेऊन न्यायला आले होते. सामान चढवताना खाट पायांकडून आधी चढवायची की डोक्याकडून, यावर दोघांचं वाजलं. गाडी सुटली तेव्हाही वाजतच होतं. नवीन सिस्टर चांगल्या आहेत, कामसू आहेत. फक्त दवाखाना आता फार शांत असतो.

यंदा महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत आमचा आरोग्य विभागाचा तंबू होता. वैनगंगेचं पात्र उतरलेलं, माणसांनी वाळू झाकून गेलेली. दुपारी गोळ्या देता देता मान वर केली, तर लांब पाण्याच्या कडेनं बाई चालल्या होत्या. बरोबर बापूभाऊ. पाण्यात उतरायला दोघांनी चपला काढल्या होत्या आणि बाईंनी आपल्या नि त्यांच्याही एकाच हातात धरल्या होत्या. दुसरा हात हवेत चालला होता. बापूभाऊ मान जोरजोरात नकारार्थी हलवत होते. वाद कशाचा होता, एवढ्या लांबून कळायला मार्ग नव्हता.

मी उभा राहून मोठ्यानं हाक मारली, "बाई!"

यात्रेतल्या दहा-बारा बायांनी वळून पाहिलं. त्या दोघांना ऐकू गेली नाही. बाई पाण्यातच थांबल्या, चपलांचा हात कमरेवर ठेवला आणि भावाकडे तोंड करून काहीतरी समजावू लागल्या. घोट्यापर्यंत साडी भिजली होती, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.